मी पैसे मागितलेले नाहीत

प्रेषक: वाचनालयवाल्या काकू
सोमवार, सकाळी

सर्वांना नमस्कार,

काल दुपारी माझ्या व्हॉट्सॲपवरून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना "अर्जंट पैसे हवेत, संध्याकाळी परत करते" असा मेसेज गेला आहे. तो मी पाठवलेला नाही. कोणीही काही पाठवू नका, उत्तरही देऊ नका.

लाज वाटते, तरी झालं कसं ते सांगते. काल सकाळी एका जुन्या मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय, जरा पाठव ना." पाठोपाठ खरंच एसएमएस आला. चष्मा शोधत होते, घाई होती, उचलून पाठवून दिला. त्याच एसएमएसात "हा कोड कोणालाही देऊ नका" असं लिहिलेलं होतं. ते वाक्यसुद्धा मी तिला पाठवलं! मिनिटभरात माझं व्हॉट्सॲप बंद. तिला फोन केला तर तिचं आदल्या रात्रीच गेलेलं.

रात्री भाच्याने नवा कोड मागवून टाकला, तर आता ते एक पिन मागतंय. मी पिन कधी ठेवलेलाच नाही. पुढे काय करायचं?

सुदैवाने कोणी पैसे पाठवल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

काकू


प्रेषक: माजी खजिनदार
सोमवार, दुपारी

मलाही आला होता. "हाय डिअर, बिझी आहेस का?" काकू आणि डिअर! इतक्या वर्षांत काकूंचा एकही मेसेज "चि. बाळास" लिहिल्याशिवाय सुरू झालेला नाही, माझे केस पांढरे झाले तरी.

तरी खात्री करावी म्हणून फोन लावला. कट झाला. लगेच मेसेज, "आवाज येत नाहीये, इथेच सांग." मी व्हॉट्सॲपवरूनच कॉल केला होता, म्हणजे तो त्या भामट्यालाच लागत होता, हे नंतर डोक्यात आलं.


प्रेषक: एक सभासद
सोमवार, दुपारी

इतकं उघड असताना कोणी फसलं तर कमालच म्हणायची. शाळकरी पोरगंही ओळखेल.


प्रेषक: मंडळाची वेबसाइट सांभाळणारा
सोमवार, रात्री

काकू, आधी तुमचं. भाच्याने एसएमएसवर आलेला कोड टाकला त्या क्षणी तो माणूस तुमच्या खात्यातून बाहेर फेकला गेला. पिन माहीत असो वा नसो. जो पिन विचारला जातोय तो त्याने लावून ठेवला आहे, तुम्हाला लवकर परत येता येऊ नये म्हणून. सात दिवस थांबा, मग पिनशिवाय आत जाता येतं. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे सेटिंग्जमधल्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये स्वतःचा पिन लावणं. ही सोय २०१७ पासून आहे. ती आधी सुरू असती तर तुमचा कोड हातात पडूनही त्याला आत येता आलं नसतं. पिनसोबत ईमेलही भरा, पिन विसरलात तर तोच कामी येतो.

तुमच्या जुन्या गप्पा त्याला दिसलेल्या नाहीत, त्या तुमच्या फोनमध्ये आहेत. पण तुम्ही ज्या ज्या ग्रुपमध्ये आहात ते त्याला दिसले, आणि प्रत्येक ग्रुपमधले सगळे नंबरही. पुढची गिऱ्हाईकं त्याला तिथूनच मिळतात. तुमच्या मैत्रिणीकडून तो तुमच्यापर्यंत असाच आला.

आता बाकीच्यांसाठी. कोडच्या युक्तीची दोन भावंडं आहेत. एकात आठ अक्षरांचा कोड देऊन तो तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगतात, मतदान करा, फोटो बघा, काहीही निमित्त. तो टाकलात की त्यांचा संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. हे जास्त वाईट, कारण तुमचं व्हॉट्सॲप चालूच राहतं, काही बिघडल्याची शंकाही येत नाही, आणि अलीकडच्या गप्पा तिकडे दिसू लागतात. "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. दुसऱ्यात "पार्सल अडकलंय, हा नंबर डायल करा" असं सांगतात, नंबरात चांदणी आणि हॅश असतात. त्याने तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि व्हॉट्सॲपचा कोड ते फोनवरून ऐकून घेतात. असं झालं असेल तर दोन हॅश, शून्य, शून्य, दोन आणि शेवटी पुन्हा एक हॅश (##002#) एवढं डायल करा. बहुतेक नेटवर्कवर वळवलेले सगळे कॉल त्याने रद्द होतात.

आणि खजिनदारकाकांनी नकळत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. खात्री करायची तर साधा फोन. ज्या ॲपवरून पैसे मागितले त्याच ॲपवर विचारणं म्हणजे चोरालाच "तू चोर आहेस का" असं विचारणं.

अजून एक. आपलं खातं गेल्याची जाहीर पोस्ट फेसबुकवर टाकू नका. टाकलीत तर पाच मिनिटांत खाली कॉमेंट येतात, अमुक तज्ज्ञाला इन्स्टाग्रामवर लिहा, माझं खातं त्याने परत मिळवून दिलं. ते तज्ज्ञ त्याच धंद्यातले असतात. आधी फी घेतात, मग गायब.


प्रेषक: सचिव
मंगळवार

माहितीबद्दल आभार. सोपा उपाय सुचवतो, पैसे मागितले की व्हिडिओ कॉल करा, चेहरा दिसला की शंका मिटली.


प्रेषक: मंडळाची वेबसाइट सांभाळणारा
मंगळवार

सचिवसाहेब, २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे बाकी सगळे बनावट होते. आपल्यासाठी कोणी एवढी खटपट करेल असं नाही. पण आवाजाची नक्कल करायला फार काही लागत नाही, थोडंसं रेकॉर्डिंग पुरतं, आणि आपण प्रत्येक कार्यक्रमातली भाषणं पानावर टाकतो.

त्यावरून आठवलं, कटू वाटेल, पण बोलतो. मंडळाच्या फेसबुक पानावर सभासदांची यादी पीडीएफ म्हणून कोणालाही उतरवता येते. नाव, नवरा-बायको, मुलं, फोन, जन्मतारीख. माहेरचं आडनावसुद्धा, जुन्या मैत्रिणींना सापडावं म्हणून. "आईचं माहेरचं नाव काय" हा प्रश्न किती बँका अजून विचारतात? शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक पानावर उघडी आहे. कोणीही यावं, सगळ्यांचे नंबर घेऊन जावं. २०२० मध्ये अशाच उघड्यावर टाकलेल्या लिंका गूगलच्या शोधात सापडत होत्या.


प्रेषक: सचिव
मंगळवार, रात्री

यादी माझ्या आधीच्या दोन समित्यांपासून आहे. नवीन आलेल्या माणसाला इथे कोणी ओळखीचं नसतं, तो ती यादी बघून फोन करतो. मंडळ कशासाठी आहे मग? आणि नंबर काय, ते तर कधीच सगळीकडे गेलेत.


प्रेषक: मंडळाची वेबसाइट सांभाळणारा
बुधवार

गेलेत हे खरं. २०२१ च्या एप्रिलमध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून अधिक लोकांची माहिती उघड्यावर पडली, बहुतेकांचे फोन नंबर त्यात होते. पण त्यात काकू वाचनालय बघतात आणि कोण कोण त्यांच्या जवळचं आहे हे नव्हतं. ते आपण पुरवलं. नुसत्या नंबराने काय होतं, नात्यासकट नंबर हातात असला की मेसेज खरा वाटतो.

नवीन माणसाने फोन करावाच. समितीच्या एका नंबरवर करावा, पुढचं आपण जोडून देऊ. पान माझ्या ताब्यात आहे, पण समितीने सांगितल्याशिवाय मी काही काढणार नाही.


प्रेषक: सचिव
गुरुवार

समितीत बोलणं झालं. यादी पानावरून उतरवली, ग्रुपची जुनी लिंक रद्द केली, आता सभासद ॲडमिनने जोडायचे. ज्यांनी यादी आधीच उतरवून घेतली असेल त्यांचं काही करता येणार नाही. माझा मंगळवारचा सूर जरा चढा होता.


प्रेषक: नवा सभासद
शुक्रवार, पहाटे

मी पाठवले.

रविवारी, मेसेज आल्यावर दहा मिनिटांत. मी इथे आलो तेव्हा त्या यादीतूनच काकूंचा नंबर मिळाला होता. पहिल्या आठवड्यात त्यांनीच मला राहायला जागा बघून दिली. तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, पहिल्यांदाच मागितलं म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. काकूंचे मला आजवर दोनच मेसेज आलेले. "चि. बाळास" मला कुठून माहीत असणार?

सोमवारी सकाळी काकूंचं पत्र वाचलं आणि लगेच कळवणार होतो. मग दुपारची दोन पत्रं आली, आणि मी फोन बाजूला ठेवला. काल बँकेत गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, इतके दिवस का थांबलात? पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते त्याच दिवशी काढले गेलेत. तक्रार नोंदवली आहे. काही परत मिळेल असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं नाही.

काकू, तुम्हाला सांगायचं नव्हतं.


प्रेषक: एक सभासद
शुक्रवार, सकाळी

शाळकरी पोराचं वाक्य माझं होतं. मागे घेतो. आपला नंबर मला वेगळा मेल करा, बँकेचं पत्र कसं लिहायचं ते बसून बघू.


प्रेषक: वाचनालयवाल्या काकू
शुक्रवार, सकाळी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

आत्ता फोन करते आहे. साधा. उचल.

काकू