कन्व्हर्टर लावून इंडक्शन चालवू नका

२००० वॅटची इंडक्शन शेगडी कन्व्हर्टर (मोठा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा जोड) लावून ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालेल का, असं एकांनी विचारलंय. नाही, कृपया चालवू नका. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळपास ८.७ अँपिअर, तेही डाळ शिजेपर्यंत सलग.

१६ अँपिअरचं सॉकेट घ्या आणि थेट मेन बोर्डापासून २.५ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या, अर्थिंगसकट. नुसतं सॉकेट बदलून आत जुनी १ चौरस मिमीची वायर ठेवली, तर धोका भिंतीत लपतो, इतकंच. त्या लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. तो वारंवार पडतो म्हणून ३२चा बसवणं फार घातक, कारण एमसीबी वायरीला वाचवतो, शेगडीला नाही. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, वेगळा लागतो.

बहुतेक सॉकेटं जळतात ती ढिल्या स्क्रूमुळे. अर्धा तास वापरून बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांना हात लावा. चटका बसला किंवा भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी दिसलं, तर वापर थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थची जाड पिन मात्र कधीही कापू नका.