धाक गेला म्हणून वजाबाकी गेली? मला नाही पटत

घाटाखालची बाई:
कालची ती पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यात तेच. "छडी गेली आणि शाळा संपली, पोरं मास्तरला घाबरत नाहीत म्हणून साधी वजाबाकी येत नाही", आणि खाली सगळ्यांच्या माना डोलतायत. मी पालघर जिल्ह्यात 14 वर्षं तिसरी-चौथीला शिकवते, तर वजाबाकीचंच सांगते. एका पोरीने 52 वजा 27 बरोबर 35 लिहिलं. ओरडले असते तर तिने पुसून शेजारणीचं उतरवलं असतं. विचारलं, कसं काढलंस गं? तर म्हणे दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन काढले. म्हणजे पोरीने विचार केलेला, फक्त हातचा कुठून येतो ते कळलं नव्हतं. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवल्या, 27 दे म्हटलं, तिने आपणहून एक गठ्ठा सोडला. घाबरलेलं पोर कसं काढलं ते सांगतच नाही, आणि ते कळल्याशिवाय मी शिकवू काय? आमची पोरं घरी वारली बोलतात. पहिलीत त्यांच्या बोलण्याला वर्गात कुणी हसलं की मिटलेलं तोंड चौथीपर्यंत उघडत नाही.

किराणावाला दादा:
मॅडम, आमच्या गुरुजींनी 30 पर्यंतचे पाढे, पावकी, निमकी सगळं मारूनच पाठ करून घेतलं. आज गल्ल्यावर बसतो, कॅल्क्युलेटर लागत नाही. पुतण्या सातवीत आहे, आठाचा पाढा अडखळतो. त्याचे सर म्हणतात नुसतं रागावलं तरी पालक मोबाईल काढून शूटिंग करतात. काड्या मोजून पाढे येणारेत का?

दोन पोरांची आई:
दादा, तुम्हाला पाढे आले. तुमच्या वर्गातले किती जण त्या छडीपायी शाळा सोडून गेले तेही सांगा. मला पाचवीत "वेडनस्डे" वाचलं म्हणून बाकावर उभं केलं होतं, वर्षभर वर्गात तेच नाव पडलं. आज 41 वर्षांची आहे, अजून चार लोकांत बोलायचं म्हटलं की तळहाताला घाम येतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 17 आहे, त्यात मारण्यासोबत मानसिक छळालाही बंदी आहे. बाकावर उभं करणंही त्यातच आलं.

दोन खोल्यांचा मास्तर:
कायदा काढलाच तर पूर्ण काढा ताई. त्याच कायद्यात 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी, दोन मास्तर, एकाच खोलीत दोन वर्ग. कलम 27 म्हणतं जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून दुसरं काम द्यायचं नाही. मग पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब रोज कोण लिहितो? ऑनलाइन माहिती कोण भरतो? वर फोटो कोण पाठवतो? त्यात सोबतचा शिक्षक ट्रेनिंगला गेला की चारही वर्ग माझ्या गळ्यात. एकेका पोराला "कसं काढलंस" विचारायला मला कुणी वेळ देतं का?

किराणावाला दादा:
हेच! पगार शिकवण्याचा आणि काम कारकुनाचं.

दोन खोल्यांचा मास्तर:
पगारावर जाऊ नका दादा. आमच्याकडे रात्री 11 ला ग्रुपवर मेसेज येतो, सकाळी 10 पर्यंत माहिती हवी म्हणून. तुमच्या दुकानात असं कुणी करून बघावं.

घाटाखालची बाई:
सर, तांदळाचा हिशोब मीही लिहिते, तुमचा राग अगदी खरा आहे. पण तो राग शेवटी कुणावर निघतो? दुपारी साहेबांचा फोन झाला की पुढच्या तासाला पहिल्या बाकावरचं पोर ओरडा खातं. मी स्वतः खायला लावलाय, म्हणून बोलते. आणि वेळ म्हणाल तर मी सगळ्यांना विचारत नाहीच. रोज एक चुकलेलं गणित नाव न सांगता फळ्यावर लिहिते, हे कसं काढलं असेल ते वर्गच शोधतो. 10 मिनिटं जातात. दादा, पाढे पाठ हवेतच, तिथे तुमचं बरोबर. आम्ही रोज परिपाठानंतर एका सुरात म्हणतो, छडीशिवाय.

किराणावाला दादा:
म्हणता तर म्हणत असाल. सातवीतला दांडगा पोरगा असता तुमच्या वर्गात तर बघितलं असतं. पण एक कबूल करतो, गुरुजींनी माझ्या धाकट्या भावाला फळ्यापाशी कान धरून उभं केलं, दुसऱ्या दिवसापासून तो शाळेच्या वाटेने नदीवर जायचा. चौथीतच सुटली त्याची शाळा. घरी कुणी गुरुजींना बोललं नाही, मार त्यालाच पडला.

दोन खोल्यांचा मास्तर:
बाई, ते चुकलेल्या गणिताचं सोमवारी करून बघतो. दुसरी आणि चौथी एकत्र बसतात माझ्याकडे, तर गणित कुठल्या वर्गाचं घेऊ?

घाटाखालची बाई:
दुसरीचं घ्या. चौथीतल्याही निम्म्यांचं तिथेच अडलेलं असतं.