कुटुंब प्रार्थना, कुकरची शिट्टी वगैरे: तुमच्याकडे काय चालायचं?

सावेडीची लेक
काल संध्याकाळी भात लावला होता. तिसरी शिट्टी झाली आणि माझ्या तोंडून आपसूक "आमेन" निघालं. चांगलं मोठ्यानं. मुलगा कानातला इयरफोन काढून बघायला लागला, आईला झालं काय म्हणून.

नगरच्या घरी आई कुकर चढवूनच आम्हाला कुटुंब प्रार्थनेला बसवायची. एक गीत, बायबलमधला एक शास्त्रपाठ, मग पप्पांची प्रार्थना आणि तिसऱ्या शिट्टीला आमेन. पप्पांची गाडी आजारी, प्रवासातले, परीक्षेला बसलेले, पाळकसाहेब (चर्चचे पाद्री), सरकार अशी स्टेशनं घेत जायची. दुसरी शिट्टी झाली की आई घसा खाकरायची, मग पप्पा सरकार गाळून थेट शेवटाला यायचे. डाळ जुनी असली, शिजायला वेळ लागला, तरच आमच्या घरात सरकारसाठी प्रार्थना व्हायची.

आई जाऊन सहा वर्षं झाली. पुण्यात आमची एकत्र प्रार्थना आता नाताळला आणि वाढदिवसाला. पाठ असलेली निम्मी गीतं विसरले, शिट्टीचं आमेन तेवढं राहिलं. याला श्रद्धा म्हणायचं की नुसती सवय, रात्रभर तेच डोक्यात. तुमच्या घरचं लिहा ना. प्रवचन नको, घडायचं ते लिहा.

कोल्हापुरी तिखट
आमच्यात गुडघ्यावर. खाली पोतं. आजोबा गल्लीतल्या सगळ्यांची नावं घ्यायचे, शेजारची म्हैस गाभण असली तर तिचंसुद्धा. मी म्हशीपर्यंत झोपलेला असायचो. एकदा आमेन झालं, सगळे उठले, मी खाटेला डोकं टेकून तसाच. आजी म्हणाली, बघा, लेकराला प्रार्थनेचा केवढा भार आहे! पुढच्या रविवारी शब्बाथशाळेत बाईंनी माझं उदाहरण दिलं. आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही. इथंच पहिल्यांदा.

सावेडीची लेक
आजी धन्य 😄

लेवीयात अडकलेला
रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच वाचले की वर्षात अख्खं पवित्र शास्त्र होतं. ११८९ अध्याय, वर पाच-दहाची सूट. हा हिशेब तरुण संघात शिकवला होता. १ जानेवारीला दरवर्षी नवीन पेन घेऊन बसतो. उत्पत्ती सुसाट, निर्गम बरं चालतं, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास लेवीय, म्हणजे यज्ञ-नियमांचं तिसरं पुस्तक, लागतं आणि गाडी रुतते. माझ्या शास्त्रात पहिली दोन पुस्तकं अधोरेखांनी निळी झालीत, पुढची पानं कोरी करकरीत. नऊ वर्षं हेच.

मोबाईलवरून
लेवीय सोडून गणनाकडे जा की. तिथं नावांच्या याद्या आहेत, आणखी मजा

लेवीयात अडकलेला
आभारी आहे.

केडगावची पणती
माझी पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून दौंडजवळच्या केडगावला आली. लहान पोर, घरचं कुणी उरलं नव्हतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आश्रमात वाढली. १९०५ च्या संजीवनाच्या (श्रद्धेला नवी भरती आली त्या) वेळी ती तिथंच होती. सगळ्या मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायच्या, हे आजीनं तिच्याकडून ऐकलेलं. सवय इतकी मुरली की आजीलाही मनातल्या मनात प्रार्थना जमायची नाही. पहाटे पाचला माजघरात उभी राहून देवाला सगळं खणखणीत सांगायची. कुठली सून उलटून बोलली, कुणाचा पगार कुठं उडाला. वाड्यात भिंती पातळ. देव उत्तर देईल तेव्हा देईल, शेजारच्या काकू सात वाजता वाटी घेऊन हजर, "काय हो, धाकटीचं काय झालं म्हणे?"

शास्त्र मात्र ती रमाबाईंनी भाषांतर केलेलंच वाचायची. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, पोरीबाळींना कळावं म्हणून सोपे शब्द घातले, हे ती घरची गोष्ट असल्यासारखं सांगायची. दुसरी प्रत हातात दिली की म्हणायची, हे पाळकांसाठी आहे.

कोल्हापुरी तिखट
ती प्रत आहे का घरात? फोटो टाका

केडगावची पणती
मामाकडे आहे. देत नाही कुणाला. बघते.

दुबईचा पाहुणा
इथं आमच्या मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना बरीच वर्षं शुक्रवारी असायची, कारण सुट्टी शुक्रवारची. आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग, "आणि रविवारी काय करता?" म्हटलं, ऑफिस. "अरे देवा." २०२२ ला सुट्ट्या शनिवार-रविवार झाल्या तेव्हा तिनं फोनवर आभाराची प्रार्थना केली, जणू दुबईच्या राजानं तिच्या सांगण्यावरून बदललं. गंमत म्हणजे मला अजून शुक्रवार सकाळी इस्त्रीचा शर्ट घालावासा वाटतो.

गुरुवारवाली
लिहू की नको करत होते.

मिस्टर गेल्यावर अकरा महिने मी प्रार्थना केली नाही. चर्चला जायचे, कारण नाही गेलं तर चार जण विचारणार. प्रभूच्या प्रार्थनेला ओठ हलवायचे. कुणी "देवाची योजना" म्हटलं की उठून बाहेर चपला शोधायचे. महिला मंडळाच्या दोन काकू गुरुवारी घरी यायला लागल्या. पहिल्या गुरुवारी एकीनं शास्त्र उघडलं. मी म्हटलं, काकू, आज नको. वाटलं समजावतील. त्यांनी चष्मा काढला, शास्त्र पिशवीत ठेवलं, कट्ट्यावरची मेथीची जुडी ओढली आणि निवडायला बसल्या. दुसरीनं कालचा पेपर पसरला. जाताना पेपराची पुरचुंडी करून कचऱ्यात टाकून गेल्या. एक शब्द नाही.

असे किती गुरुवार गेले आठवत नाही. मेथी, गवार, एकदा नुसते खडे काढले तांदळातले. मग एकदा त्या उठायला लागल्या तेव्हा मीच म्हटलं, प्रार्थना करा. चार वाक्यांत आटोपली त्यांनी, हातात काड्या तशाच.

पूर्वीसारखा विश्वास आहे असं मी म्हणणार नाही. गुरुवारी आता मीही जाते एकीकडे.

सावेडीची लेक
ताई. मला काही लिहिता येत नाहीये. वाचलं दोनदा.

केडगावची पणती
🙏

मोबाईलवरून
ताई सलाम तुम्हाला आणि काकूंना. आमच्याकडे अशा वेळी वचनं फॉरवर्ड होतात. फुलांचा फोटो, वर वचन, पहाटे साडेचारला. आमच्या गटात एका दिवसात सेहेचाळीस आली. यातून आत्मिक वाढ कुणाची होते, फोनची मेमरी तेवढी भरते

जुना सेक्रेटरी
फॉरवर्डला हसू नका. माझी बहीण अंथरुणाला खिळून आहे, तिला दिवसातलं तेच एक "कुणीतरी आठवण काढली" वाटतं. असो. हंगामाच्या सणाचा (पिकाचं पहिलं चर्चला वाहतात तो) विषय कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. आमच्याकडे उपासनेनंतर लिलाव. ज्वारी, भोपळे, अंडी, शेवग्याच्या शेंगा. एका वर्षी कुणीतरी गावरान कोंबडी आणली, पाय नीट बांधले नव्हते. आशीर्वादाच्या वेळी ती थेट वेदीकडे. पाळकसाहेबांचे हात वर, डोळे मिटलेले, आणि कोंबडी समोर उभी राहून मान वाकडी करून ऐकतेय. लिलावात सहाशेला गेली. घेणाऱ्यानं कापली नाही, म्हणाला, हिनं आशीर्वाद घेतलाय. पाच वर्षं अंडी दिली.

दुबईचा पाहुणा
आमच्याकडे लिलावातला भोपळा दरवर्षी माझे वडीलच घ्यायचे, चढ्या भावानं, आणि घरी कुणाला आवडत नसे. जानेवारीपर्यंत भोपळ्याच्या घाऱ्या.

लेवीयात अडकलेला
घाऱ्यांवरून, नाताळच्या करंज्यांचं सारण कुणी खोबऱ्याऐवजी रव्याचं करतं का? बायको आणि आई यांच्यात डिसेंबरात हा एकच मतभेद असतो पण तो डिसेंबरभर असतो

कोल्हापुरी तिखट
दोन्ही करा आणि दोन्ही खा. मध्ये बोलू नका.

जुना सेक्रेटरी
विषयांतर, पण विचारून घेतो. आमच्या मंडळीच्या हार्मोनियमचा भाता फाटलाय. भजनं ओवी-अभंगाच्या चालीची, कीबोर्डवर ती मजा नाही, तरुण मंडळी ऐकत नाहीत. नगरमध्ये कोण नीट दुरुस्त करतं?

सावेडीची लेक
पप्पांच्या ओळखीचे एक काका होते, विचारून कळवते. मेसेज करते तुम्हाला. कुकर लावलाय.