उन्हाळ्याचे पैसे : शिक्षक पालक आणि घरचे पाळणाघर – आपापले अनुभव लिहावेत

समुद्रपूर तालुका, पाळणाघरचालिका

आमच्या ओळीतील एक मुलगी येत्या सत्रापासून घरीच पाळणाघर सुरू करणार आहे. दर, वेळ, किती मुले घ्यायची, हे सारे तिने आधीच ठरवले होते. मला विचारायला आली ती एकच गोष्ट, की उन्हाळ्यात मास्तरांची मुले येत नाहीत तेव्हा पैसे कसे घ्यायचे. तिच्या प्रश्नाने माझ्या पाळणाघराचा पहिला उन्हाळा डोळ्यांपुढे उभा राहिला, म्हणून हा धागा काढत आहे.

तालुक्याच्या गावात आपल्याकडे येणारी मुले बहुतांशी शिक्षकांचीच असतात, हे येथे कोणाला सांगायला नको. आईची जिल्हा परिषद शाळा एका टोकाला, वडिलांची दुसऱ्या टोकाला. बदलीच्या धोरणात पती-पत्नी एकत्रीकरण असले तरी ते तीस किलोमीटरच्या हिशेबाने, त्यामुळे दोघेही तालुक्याला खोली करून राहतात, रोज अप-डाऊन करतात आणि आजी-आजोबा मात्र तिसऱ्याच जिल्ह्यात असतात. त्यातच विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. म्हणजे मे महिन्याच्या आरंभी गेलेले मूल जवळपास दोन महिन्यांनी परत येते.

त्या वर्षी सत्र संपले त्या दिवशी एका मॅडमनी लेकराची बाटली, जास्तीचे कपडे आणि प्लास्टिकचा मग पिशवीत भरला आणि "काकू, आता शाळा उघडली की भेटू" एवढे बोलून त्या निघाल्या. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. पाठोपाठ इतर शिक्षक पालकांनीही तेच केले आणि माझ्याकडे उरली ती दवाखान्यातील परिचारिकेची आणि कृषी केंद्रवाल्यांची मुले. कूलर मात्र तेवढाच चालला, मदतीला येणाऱ्या बाईंना महिना तेवढाच द्यावा लागला. मध्येच एका बँक कर्मचाऱ्याने विचारणा केली तेव्हा मी मॅडमच्या मुलाची जागा त्यांना दिली, आणि जूनअखेर मॅडम परतल्या त्या सरळ भांडायलाच. "तुम्ही आमची जागा दिलीच कशी?" हा त्यांचा प्रश्न होता. जागा त्यांची होती, तर तिचे दोन महिन्यांचे मोल कोणी द्यायचे, हा माझा.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. आपल्याकडे सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. उन्हाळ्यात वावरात काम नाही म्हणून त्या महिन्यांचे पैसे कोणी कापत नाही, कारण बोली वर्षाची असते. मीही पाडव्याच्या आठवड्यातच प्रत्येक पालकाशी बोलते. मे आणि जून निम्मे पैसे, ते एप्रिल संपण्यापूर्वी, आणि जागा राखीव. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी मोकळेपणाने जागा सोडावी, मनात काही राहत नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

वरोरा, पाळणाघरचालिका

सुटीच्या आधीच्या सकाळच्या शाळेचाही विषय यात यायला हवा, कारण वादाची सुरुवात माझ्याकडे तिथूनच होते. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की मुले पहाटे येऊ लागतात. लेकरू आईच्या खांद्यावर झोपलेलेच असते, मी ते तसेच उचलून आतल्या गादीवर टाकते, आणि आईची स्कूटी वळेपर्यंत दुसरी दारात उभी असते. माझा दिवस अंधारात सुरू होतो. दुपारी बारा-साडेबाराला मॅडम मुलाला घेऊन जातात आणि महिनाअखेरीस म्हणतात, "आता तर अर्धाच दिवस राहतो, पैसे थोडे कमी करा ना." तुमचा अर्धा दिवस संपतो हे खरे, पण माझ्याकडची इतर मुले संध्याकाळपर्यंत असतात, तेव्हा माझा दिवस उलट लांबतो. हे मी शांतपणे समजावून सांगते. ज्यांना पटायचे त्यांना पटते.

दर्यापूर, प्राथमिक शिक्षिका आणि पालक

दुसऱ्या बाजूने लिहिण्याचे धाडस करत आहे, रागावू नये.

दीर्घ सुटीत आम्हाला पगार मिळतो, हे निर्विवाद. तो वेळेवर मिळतोच असे नाही, पण मिळतो. त्यामुळे "मूल आले नाही तर पैसे कशाचे" हा युक्तिवाद आमच्या तोंडी शोभत नाही, असे मी स्टाफरूममध्येही सांगते आणि दोन मैत्रिणींशी वाईटपणा घेते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत विदर्भात १९ आणि २६ एप्रिलला मतदान झाले. आमच्या भागातले २६ तारखेला होते आणि आम्हा दोघांनाही ड्यूटी लागली. मतदानाच्या आदल्या दिवशी केंद्रावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी साहित्य जमा करून घरी यायला मध्यरात्र उलटली. माझी मुलगी त्या दोन्ही रात्री काकूंकडे झोपली. काकूंनी त्याचा वेगळा रुपया घेतला नाही. तीन आठवड्यांनी त्यांनी मे महिन्याचे निम्मे पैसे मागितले तेव्हा आमच्या घरून "पोरगी येतच नाही तर पैसे कायचे?" असा सूर निघाला, आणि मला त्या रात्रींची आठवण करून द्यावी लागली.

मात्र एक विनंती आहे. सगळ्या शिक्षकांना एकाच मापाने मोजू नका. नव्याने लागलेला प्राथमिक शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर असतो. २०२३ मध्ये ते सहा हजारांवरून सोळा हजार झाले, तरी खोलीभाडे आणि रोजचे पेट्रोल त्यातूनच जाते. अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षकांची अवस्था याहून वेगळी नाही. 'दोघे मास्तर आहेत, म्हणजे घरात दोन पगार' हे नेहमीच खरे नसते, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

आमगाव, पाळणाघरचालिका

दर्यापूरच्या मॅडमनी लिहिले त्यात भर घालते. माझे यजमान कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाले तर पैसे, सुटी लागली की काही नाही. त्यामुळे मे महिन्यात यजमानांचे तास आणि माझ्याकडची मुले, दोन्ही एकदमच थांबतात, आणि ज्यांच्याकडे पैसे मागायचे ते पालक कायम शिक्षक असल्याने आरामात माहेरी गेलेले असतात. आमच्या घरात यावर विनोद पुष्कळ होतात. किराणा दुकानदार मात्र हसत नाही.

पुसद, पाळणाघरचालिका

उन्हाळ्याचे सोडा, माझ्याकडे दिवाळीतच नाट लागतो.

एक सर होते, गणित शिकवायचे. दिवाळीच्या सुट्या संपल्यावर ते शाळेच्या वार्षिक सुट्यांच्या यादीची झेरॉक्स घेऊन आले. वर्षभराच्या सुट्या शहात्तरच्या वर जाऊ द्यायच्या नसतात, हे त्या यादीमुळे मला प्रथमच कळले. त्यांनी पोळा, महालक्ष्म्या, दिवाळीचा प्रत्येक दिवस आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्यासुद्धा लाल पेनने गोल केल्या होत्या. समासात दररोजचा दर काढलेला, खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. इतका स्वच्छ हिशेब मी माझ्या वहीतही कधी लिहिला नाही. एवढी रक्कम पुढच्या महिन्यात वळती करा, असे त्यांचे म्हणणे होते.

मी म्हटले, "सर, याच यादीप्रमाणे तुमच्या पगारातून जे कापले असेल ती पगारपत्रिका आणा, मी तेवढेच कापते." सर काही बोलले नाहीत; कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला पाठवणे बंद केले. संक्रांतीनंतर त्यांच्या मिसेस तिळगुळासह मुलाला घेऊन आल्या. तोपर्यंत मूल कोणाकडे राहिले, हे मी विचारले नाही. पुढच्या वर्षी दिवाळीचे पैसे पूर्ण आले. तरीही मला असे वाटते की दिवाळीसारख्या पंधरा-वीस दिवसांच्या सुटीचे पैसे कापूच नयेत आणि सवलत द्यायची ती फक्त उन्हाळ्यात द्यावी. दोन्हीकडे सवलत दिली की पालक तिसरीकडेही मागतात.

आरमोरी, पाळणाघरचालिका

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, १४ ते २० तारखेपर्यंत, तेव्हाचा अनुभव. संपाच्या पहिल्या दिवशी काही पालकांनी मुले घरी ठेवली आणि काहींनी मोर्चाला जायचे म्हणून नेहमीपेक्षा लवकर आणून सोडली. महिन्याच्या शेवटी ज्यांनी घरी ठेवली त्यांनी तेवढे दिवस वजा करायला सांगितले. ज्यांनी लवकर सोडली त्यांच्यापैकी कोणी जास्त द्यायचे म्हटले नाही. मी कोणाचेच कमी-जास्त केले नाही.

वरोरा, पाळणाघरचालिका

पुसदच्या ताई, तो कागद तुम्ही ठेवून घ्यायला हवा होता. आम्ही सगळ्यांनी फ्रेम केला असता.

मेहकर तालुका, नवीन

माझ्याकडे अजून फक्त चार मुले आहेत. समुद्रपूरच्या काकूंना विचारायचे होते, की हे सारे तोंडीच ठरवता की लिहून घेता? आमचे गाव लहान आहे, पालकांपैकी एक मॅडम माझ्याच नणंदेच्या जाऊबाई आहेत. त्यांच्यापुढे सहीसाठी कागद ठेवला तर घरापर्यंत बातमी जाईल.

समुद्रपूर तालुका, पाळणाघरचालिका

लिहून घेते, पण कागद म्हणून नाही. प्रत्येक मुलाच्या नावाने शंभर पानी वही केलेली आहे. त्यात औषध किती वाजता द्यायचे, कोणत्या पदार्थाने पोट बिघडते, कोण न्यायला येऊ शकते, हे पालकच आपल्या हाताने लिहितात, आणि त्याच पानावर शेवटी सुट्यांच्या पैशांच्या दोन ओळी असतात. बाकीचे लिहिताना कोणाला संकोच वाटत नाही, म्हणून त्या दोन ओळींचाही वाटत नाही. नात्यातल्या मॅडमपासूनच सुरुवात करा. त्यांनी लिहिले की इतर आपोआप लिहितात.

साकोली, पाळणाघरचालिका

निम्मे पैसे मी घेत होते, त्याचा खर्च पालकांना दाखवायचीही सवय आहे. कूलरचे गवत दरवर्षी बदलावे लागते, पंप दोन उन्हाळ्यांच्या वर टिकत नाही, वीजबिल मे महिन्यात दुप्पट होते आणि नळाला पाणी एक दिवसाआड येते तेव्हा टाकी भरायला माणूस लावावा लागतो. यातले काहीही मुलांच्या संख्येवर अवलंबून नाही.

पण मला वेगळेच विचारायचे आहे. एका जोडप्याने एप्रिलमध्ये निम्मे पैसे दिले, मी जागा राखली, आणि उन्हाळ्यात त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. ते पैसे परत मागायला आले. बदली त्यांनी मागितली नव्हती, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या जागेसाठी मी दोन विचारणा परत पाठवल्या होत्या. मी जूनचे परत केले आणि मे महिन्याचे ठेवले. माझ्या सासूबाईंच्या मते मी ते सर्वच परत करायला हवे होते.

पुसद, पाळणाघरचालिका

मी काहीच परत केले नसते. जागा राखून ठेवण्याचे पैसे होते, आणि तुम्ही जागा राखली.

दर्यापूर, प्राथमिक शिक्षिका आणि पालक

साकोलीच्या ताईंनी केले ते मला योग्य वाटते. बदलीचा आदेश ज्या दिवशी हातात पडतो, त्याच दिवशी पालकाने कळवले असेल तर पुढच्या महिन्याचे परत करावे. आदेश खिशात ठेवून शाळा उघडायच्या आदल्या दिवशी येणाऱ्याला काहीच देऊ नये. अशीच गोष्ट बालसंगोपन रजेची आहे. महिला कर्मचाऱ्यांना ही रजा एकूण १८० दिवस मिळते, ती टप्प्याटप्प्याने घेता येते, आणि मधल्या काळात मूल घरी असते. आपण रजेचा अर्ज मुख्याध्यापकांना आगाऊ देतो, तर पाळणाघरालाही तेव्हाच सांगायला काय हरकत आहे?

मेहकर तालुका, नवीन

आज संध्याकाळी वह्या आणायला जाते. सुट्यांच्या दोन ओळींखाली बदलीची तिसरी ओळ मी घालणार आहे. एवढेच सांगा, की शाळा जूनच्या अगदी शेवटी उघडते आणि मूल त्या महिन्यात तीन-चारच दिवस येते, तेव्हा जूनचे निम्मेच धरायचे की त्या दिवसांचे वेगळे?

समुद्रपूर तालुका, पाळणाघरचालिका

निम्मेच धरा, वेगळे काही लावू नका. ते तीन-चार दिवस मूल रडण्यातच घालवते, आणि त्याचा दर अजून कोणी काढलेला नाही.