शब्दचर्चा: प्रार्थनेत 'मनोरुग्ण' म्हणावे का?

फोंडेकर: आमच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांसाठी मराठी मिस्सा (कॅथलिक उपासना) असते. 10 ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनानिमित्त विश्वासूंच्या प्रार्थना मराठीत करायच्या आहेत. मी लिहिले, 'सर्व मनोरुग्णांसाठी प्रार्थना करू या.' एक बाई म्हणाल्या, "माझा मुलगा गोळ्या घेतो. मिस्सेला माझ्याच शेजारी बसतो. त्याच्या कानावर हा शब्द नको." 'मनाने खचलेले' चालेल?

परिचारिका, म्हापसा: 'मनोरुग्ण' केसपेपरवर ठीक, माणसासमोर नको. 'खचलेले'ही नको, स्किझोफ्रेनिया असलेला माणूस खचलेला असतोच असे नाही. 'मानसिक आजार असलेले' म्हणा, मधुमेह असलेले म्हणतो तसेच.

निवृत्त मास्तर, पेडणे: जिथे तिथे 'असलेले' जोडणे ही इंग्रजीची सवय. 'रुग्ण' हा स्वच्छ शब्द आहे. 'वेडा' तरी कुठे नुसती शिवी आहे? वेडी माया म्हणतो, वेडं पोर म्हणतो. कोंकणीतला 'पिसो' (वेडा) आणि अभंगांतले 'पिसे' एकाच घरचे. विठ्ठलाचे पिसे लागणे हे भूषणच.

परिचारिका, म्हापसा: मास्तर, विठ्ठलाचे पिसे लागले म्हणून कुणाचे लग्न मोडत नाही. माझ्या वॉर्डातल्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले.

सावंतवाडीकर: आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्यात शब्दापेक्षा त्यामागून येणारे वाक्य जास्त लागते: "तुमची प्रार्थना कमी पडली." आई डिप्रेशनमध्ये होती तेव्हा शेजारणी येऊन बायबलमधले स्तोत्र 34 वाचायच्या: 'परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो, अनुतप्त मनाच्या लोकांचा तो उद्धार करतो.' पहिल्या ओळीने तिला धीर यायचा. 'अनुतप्त' आले की ती विचारायची, "मी कसला पश्चात्ताप करू?" मूळ हिब्रूत तिथे 'दक्का' आहे, म्हणजे चिरडलेला, भरडला गेलेला. प्रार्थनेत 'भग्नहृदयी' घ्या, 'अनुतप्त' गाळा.

निवृत्त मास्तर, पेडणे: 'अनुतप्त'मध्ये ताप आहे. तापलेले, होरपळलेले मन असाच अर्थ मला लागतो. शब्द गाळू नका, समजावून सांगा.

सावंतवाडीकर: रात्र रात्र झोप नसलेल्या बाईला व्युत्पत्ती कशी समजावणार? एलीया संदेष्ट्याचे बघा, राजांच्या पहिल्या पुस्तकात, अध्याय 19. रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो. देवदूत त्याला श्रद्धेवर एक शब्द ऐकवत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो आणि मग उठवून पुन्हा जेवू घालतो. आमच्या घरी असे येणारी एकच मावशी होती. पेज ठेवायची, भांडी घासायची आणि जायची.

मडगावकर: फोंडेकर, आत्महत्येने गेलेल्यांसाठी प्रार्थना आहे का? तिथे खरी पंचाईत आहे. 'आत्महत्या'त हत्या बसलेली आहे. 'जीव दिला' हे मऊ वाटते, पण ख्रिस्ताने आपल्यासाठी जीव दिला हे आपण त्याच देवळात म्हणतो. घरच्यांनी ते कसे ऐकायचे? 1917 च्या कॅथलिक चर्चच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले जायचे. 1983 च्या संहितेत ते कलम राहिले नाही, तरी लोक अजून दबक्या आवाजात विचारतात, "मिस्सा केली का हो त्याची?"

परिचारिका, म्हापसा: 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदासुद्धा अशा माणसावर तीव्र ताण होता असेच धरून चालतो, तो वाचला तर त्याला शिक्षा करत नाही. म्हणून 'आत्महत्या केली' नको. 'आत्महत्येने मृत्यू' लिहा. आणि पत्रकाच्या तळाशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठळक छापा.

निवृत्त मास्तर, पेडणे: 'आत्महत्येने मृत्यू' कानाला खटकते. पुरात गेला, साथीत गेला म्हणतो तसे 'आत्महत्येत गेला' म्हणा.

मडगावकर: यात दोष कुणावर जात नाही, हे खरे. पण 'हत्या' तिथेच राहिली.

निवृत्त मास्तर, पेडणे: ती काढली तर काय झाले तेच कळणार नाही. झाकून ठेवलेल्या गोष्टीसाठी लोक प्रार्थना कशी करणार?

सावंतवाडीकर: घरच्यांना विचारा. त्यांना जो शब्द सोसेल तो.

फोंडेकर: विचारतो. पण 'मनोरुग्णां'च्या जागी काय लिहू? फादरांना शुक्रवारी कागद द्यायचा आहे.

निवृत्त मास्तर, पेडणे: माझे मत अजूनही 'रुग्ण'.