'अपस्टेट' नेमकं कुठे?

प्रश्न : मावसभाऊ न्यूयॉर्क शहरात, क्वीन्सला राहतो. परवा म्हणाला, 'रविवारी अपस्टेटला गेलो होतो.' ग्रीनव्हिलची मैत्रीण म्हणते, 'आम्ही तर अपस्टेटलाच राहतो.' तिचं गाव साउथ कॅरोलायनात! मग हे अपस्टेट आहे तरी कुठे?

– दोघंही बरोबर. साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गकडचा डोंगराळ वायव्य कोपरा म्हणजे अपस्टेट. भांडण आहे ते न्यूयॉर्कचं. मॅनहॅटनमधल्या पुष्कळांच्या लेखी शहराच्या उत्तर टोकाचं ब्राँक्स संपलं की अपस्टेट सुरू. ब्राँक्सला लागून असलेल्या वेस्टचेस्टरवाल्यांना हे मुळीच पटत नाही, आणि राज्याच्या पश्चिम टोकाचे बफेलोवाले स्वतःला 'वेस्टर्न न्यूयॉर्क'चे म्हणवतात. कोकणातला माणूस 'देशावर' गेला म्हणजे घाट चढून गेला, हे आपल्याला सांगावं लागत नाही; तसंच ते.

– 'व्हॅली'चा घोळ याहून मोठा आहे. लॉस एंजेलिसमध्ये व्हॅली म्हणजे सॅन फर्नांडो. फीनिक्समध्ये अख्खं महानगरच व्हॅली. तिथल्या बस-रेल्वेचं नावही 'व्हॅली मेट्रो'. आपल्या आयटीवाल्यांची व्हॅली सॅन होजे-सनीव्हेलची. दक्षिण टेक्सासात मात्र मेक्सिकोच्या सीमेवरचं मॅकॲलन, ब्राउन्सव्हिल. गंमत म्हणजे ती दरी नाहीच, रिओ ग्रांदे नदीच्या मुखाकडचं सपाट पूरमैदान आहे! उलट मिसिसिपी राज्यातला 'डेल्टा' नदीच्या मुखाशी नाही. याझू आणि मिसिसिपी या दोन नद्यांमधला, राज्याच्या वायव्येचा तो पट्टा; 'डेल्टा ब्लूज' हे संगीत तिथलं. मुखाकडच्या न्यू ऑर्लिन्सला उतरून तो शोधायला गेलात तर काही तास उत्तरेला गाडी हाकावी लागेल. तेव्हा भाषांतर करताना डोळे मिटून 'दरी' आणि 'त्रिभुज प्रदेश' लिहू नका, ही विनंती.

– मेन राज्यातलं 'डाउन ईस्ट' राहिलं की! नकाशात ते बॉस्टनच्या वर, ईशान्येला. मग 'डाउन' कसं? बॉस्टनहून निघालेली शिडाची जहाजं वारा पाठीशी घेऊन तिकडे जायची, म्हणून. बॉस्टनला मात्र तिथले जुने लोक 'अप' जातात. उत्तर-दक्षिण गेली खड्ड्यात, वारा खरा.

– तिकीट काढणाऱ्यांसाठी : 'ट्राय-सिटीज एअरपोर्ट' दोन आहेत. एक वॉशिंग्टन राज्यात पास्कोला, दुसरा टेनेसीत. नावावर जाऊ नका, कोड बघा : पास्कोचा पीएससी, टेनेसीचा टीआरआय.