गिटारच्या डिस्टॉर्शनला मराठीत काय म्हणाल?

साठच्या दशकातल्या रॉकवर लिहितोय आणि या एका शब्दापाशी अडकलोय, म्हणजे गिटारचा तो मुद्दाम खरखरीत केलेला आवाज. शोधलं तर विरूपण, विकृती असले शब्द मिळतात. दुसरं काही सुचतंय का?

—

विरूपण ठेवा की, भौतिकशास्त्रात चालतो.

—

शास्त्रात चालेल हो, गाण्यात नाही. आणि विकृती तर अजिबात नको, त्या रॉकवाल्या पोरांच्या लांब केसांना आणि गाण्यांना तेव्हाची मोठी माणसं हेच म्हणायची, म्हणजे आपण नकळत त्यांच्याच बाजूने निकाल देऊन मोकळे. आपला रोजचा शब्द आहे ना, आवाज फाटणे! मांडवात स्पीकर फाटायला लागला की साउंडवाला धावत जाऊन आवाज कमी करतो, तेच हे, फक्त यांनी कमी केला नाही. किंक्स या ब्रिटिश बँडच्या गिटारवाल्या डेव्ह डेव्हिसने तर खरोखरच फाडला. उत्तर लंडनचा कामगार घरातला सतरा वर्षांचा पोरगा, त्याने आवाज मोठा करणाऱ्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला आणि १९६४ च्या 'यू रियली गॉट मी'मधली ती खरखर जन्माला आली. स्टुडिओत स्वच्छ आवाजालाच मान होता त्या काळी, हे लक्षात घ्या म्हणजे त्या चिरण्याची हिंमत कळेल.

—

पण फाटलेला म्हणजे लोकांना बेसूर वाटेल ना?

—

नाही वाटणार. बेसूर म्हणजे सूर जागेवरून हलला. फाटलेल्यात सूर तिथेच असतो, अ‍ॅम्पच्या ताकदीबाहेर गेल्यामुळे आवाजाच्या लाटेचे माथे छाटले जातात आणि त्यातून वरचे नवे स्वर निघतात.

—

मग फीडबॅक? अभिप्राय नका सांगू प्लीज.

—

कुई. माईक कुई करतो म्हणतोच आपण. बीटल्सच्या 'आय फील फाइन'ची (तेही १९६४चंच) सुरुवात या कुईनेच होते, चूक म्हणून पुसायची ती मुद्दाम ठेवली. आणि अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स, वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ. व्हिएतनाम पेटलेलं आणि हा एकेकाळचा पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून उडी मारणारा सैनिक, गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवतोय, मध्येच सूर फाटतो, कुई चढत जाते, बॉम्ब पडल्यासारखं ऐकू येतं आणि परत तीच चाल. अनेकांना तो अपमान वाटला. त्याला टीव्हीवर विचारलं तर म्हणाला, मला ते सुंदर वाटलं. इथे विरूपण लिहून बघा बरं, सगळा जीवच जातो.

—

पटलं. फाटलेला आवाज आणि कुई, दोन्ही घेतो. फझ पेडलला, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज फाडायच्या त्या डबीला, खरखर लिहिलं तर चालेल?